दोन्ही घरचा पाहुणा उपाशी

अमेरिकेत गेली वीस-बावीस वर्षे एक वाद विधिमंडळांत आणि कोर्टांत गाजतो आहे. कामावर येणाऱ्या कामगाराने आपल्या मोटारीत बंदूक ठेवावी की नाही? बंदूकवाले म्हणतात, शस्त्र बाळगणे हा राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला हक्क आहे, तो कारखान्याच्या फाटकापाशी संपत नाही. मालक म्हणतात, जागा आमची, तिथे काय आणायचे ते आम्ही ठरवू. एकाला कामगाराच्या संरक्षणाची काळजी, दुसऱ्याला त्याच्या सुरक्षिततेची! कामगाराचा असा दुहेरी कैवार घेतला जातो, तेव्हा शेवटी त्याच्या पदरात काय पडते, हे रेल्वे व टपाल कामगारांनी नीट पाहिले पाहिजे.

वादाला तोंड फुटले ते २००२ च्या ऑक्टोबरमध्ये. ओक्लाहोमा राज्यात व्हॅलियंट येथे वेअरहाउजर कंपनीची कागद गिरणी होती. कंपनीने कुत्रे आणून कामगारांच्या मोटारींची झडती घेतली. काही गाड्यांत बंदुका सापडल्या. हा शिकारीचा मुलूख, गाडीत बंदूक असणे तिथे नवलाचे नाही. तरीही नियमभंग झाला म्हणून कामगारांना घरी बसवण्यात आले. त्यांनी दाद मागितली. २००६ मध्ये अपील कोर्टानेही कंपनीच्याच बाजूने निकाल दिला.

दरम्यान २००४ मध्ये राज्याने कायदा केला: कुलूपबंद मोटारीत बंदूक ठेवण्यास मालकाने मनाई करायची नाही. कोनोकोफिलिप्स या तेल कंपनीने विरोध करताच नॅशनल रायफल असोसिएशनने २००५ मध्ये तिच्यावर बहिष्कार पुकारला. आज वीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. ज्यांची रोजीरोटी गेली त्यांच्या नावाने कायदा झाला, त्यांना मात्र कोर्टातून नोकरी परत मिळाली नाही. अमेरिकेत युनियनचा करार पाठीशी नसेल, तर बहुतेक खासगी मालक कारण न देताही कामगाराला काढू शकतात. या बेबंद सत्तेला कायद्याने लगाम घातला खरा, पण तो फक्त बंदुकीपुरता!

आता मालकांचे पाहू. त्यांनी कोर्टात कामगार सुरक्षेचा १९७० चा केंद्रीय कायदा पुढे केला. बंदुका आत आल्या तर कामाची जागा सुरक्षित कशी ठेवणार, असा त्यांचा सवाल होता. २००७ मध्ये खालच्या कोर्टाला तो पटला. २००९ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. कामाच्या जागी बंदुका असू नयेत, असे मानक केंद्रीय सुरक्षा यंत्रणेने ठरवलेलेच नाही, हे त्यातले एक कारण होते. म्हणजे कामगारांच्या जिवाचा प्रश्न कोर्टात आला तो मालकांच्या वकिलामार्फत, आणि सरकारने नियम केला नाही म्हणून तो टिकला नाही.

सवाल मात्र खरा होता. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील कामाच्या जागांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे बंदुकीला परवानगी होती, तिथे कामगाराचा खून होण्याची शक्यता सर्व शस्त्रांना बंदी असलेल्या जागांच्या सुमारे पाच पट आढळली. टपाल कामगारांना तर आकडे सांगायला नकोत. २० ऑगस्ट १९८६ रोजी ओक्लाहोमातीलच एडमंड पोस्टात एका पोस्टमनने १४ सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. अशा घटनांनंतर तिथल्या बोलभाषेत माथे फिरण्याला ‘गोइंग पोस्टल’ म्हणू लागले. एका अख्ख्या खात्याच्या कामगारांवर हा कलंक बसला! टपाल कामगार इतरांपेक्षा जास्त हिंसक नाहीत, असे २००० साली एका आयोगाने सांगितले, पण तोवर शब्द रुळला होता. रेल्वेवाल्यांनी २६ मे २०२१ चा दिवस आठवावा. कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील शहरी रेल्वेच्या यार्डात एका कर्मचाऱ्याने ९ सहकाऱ्यांना ठार केले.

कोणी म्हणेल, रात्रपाळी संपवून सुनसान रस्त्याने एकटी घरी जाणारी कामगार बाई काय करील? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणजे कंपनीची गाडी, रस्त्यावर दिवे, सोयीची पाळी. ही मागणी युनियनने करायची आणि खर्च मालकाने सोसायचा. तिने पदरच्या पैशाने पिस्तूल विकत घ्यावे, हे उत्तर मालकाला फारच स्वस्तात पडते.

या वादातले सर्वांत मोठे ढोंग मात्र वेगळेच आहे. मालकाची जागा कोणासाठी उघडते आणि कोणासाठी बंद राहते, ते पाहा. कनेक्टिकट राज्यात न्यूइंग्टन येथे लेचमिअर या दुकानाच्या वाहनतळावर युनियनचे बाहेरचे संघटक गाड्यांच्या काचांवर पत्रके ठेवत होते. त्यांना हाकलण्यात आले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाची बाजू उचलून धरली. कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांच्या शेतमजूर चळवळीने १९७५ मध्ये एक नियम मिळवला होता: संघटकांना वर्षातले १२० दिवस, दिवसाला तीन तास शेतावर येता येईल. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही घालवला. कारण काय, तर मालमत्तेचा हक्क!

म्हणजे वाहनतळावर बंदूक चालते, पत्रक चालत नाही. मालमत्तेचे पावित्र्य बंदुकीपुढे वाकते, युनियनपुढे ताठ उभे राहते. कामगार एकटा आणि सशस्त्र असला तर चालेल, संघटित आणि निःशस्त्र असला तर खपवून घेतले जाणार नाही, असाच याचा अर्थ होतो.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, म्हणून हा वाद आपल्या दारी नाही. पण ‘जागा कोणाची’ हा सवाल आपल्याही दारात उभा आहे. कारशेड असो, आरएमएसचे सॉर्टिंग असो, फाटकावर सभा घ्यायची म्हटली की तो ऐकू येतो. त्याला आपले उत्तर ठरलेले असले पाहिजे. जागा ज्याची असेल त्याची असो, तिथे रोज आठ तास राबणारा जीव कामगाराचा आहे. त्याची सुरक्षितता ही मालकाची मेहेरबानी नव्हे आणि बंदूकवाल्यांची देणगीही नव्हे. ती कामगाराचा हक्क आहे, आणि फाटकावरच्या सभेत, हातात पत्रक घेऊन, एकजुटीनेच तो मिळवावा लागतो.