यश कशाने मोजावे?

आपल्या मराठी घरांत हल्ली एक प्रश्न फार ऐकू येतो : "तुमचा मुलगा दुबईला कितीवर आहे?" तो कसा आहे, हे नंतर विचारले जाते, कधी कधी विचारायचे राहूनही जाते. आपल्या बेटावरून संयुक्त अरब अमिरातीत गेलेली मुले हॉटेलांत, विमानसेवेत, दुकानांत कष्ट करून पैसा मिळवतात. त्या पैशाने येथे घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, धाकट्यांची शिक्षणे झाली. याचा आम्हांस आनंदच आहे. आपले पूर्वजही कोकणातून जहाजाने आले ते मजुरीसाठीच. तेव्हा पोटासाठी परदेशी जाण्यात कमीपणा नाही. पण माणसाची किंमत पगारावरून ठरवण्याची जी सवय आपल्याला लागत आहे, तिच्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते.

दुबई म्हटले की डोळ्यांपुढे बुर्ज खलिफा येतो. ८२८ मीटर उंचीची ही इमारत २०१० च्या जानेवारीत खुली झाली. जगाची यशाची कल्पना बहुधा अशीच असते : इतरांपेक्षा उंच जाणे. मात्र याच देशात यशाचा दुसरा विचारही मोठ्या समुदायापुढे मांडला गेला आहे, तो आपण फारसा ऐकलेला नाही.

५ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती लोकांची सामुदायिक उपासना, साजरी केली. अरबी द्वीपकल्पात आलेले ते पहिलेच पोप. एक लाखाहून अधिक माणसे जमली होती, आणि त्यांतील बहुतेक पोटासाठी तेथे आलेले परदेशी लोक होते. पोपनी विषय घेतला तो येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा. त्या प्रवचनात येशू धन्य म्हणतो ते मनाने दीन असणाऱ्यांना, सौम्यांना, दयाळूंना, शांती घडवून आणणाऱ्यांना. त्या यादीत श्रीमंत नाही, अधिकारी नाही, पहिला नंबर मिळवणाराही नाही. पोपनी सांगितले की, येशूजवळ वस्तू थोड्या होत्या पण प्रेम विपुल होते. मोठेपण मिळवण्यात नसून देण्यात आहे. आणि ही वाट काही महावीरांसाठी नाही, रोजच्या अडचणींना तोंड देणाऱ्या साध्या माणसांसाठी आहे. आप्तांपासून दूर राहणे सोपे नसते, हेही ते विसरले नाहीत. ऐकणाऱ्यांत कितीतरी जण आपापल्या गावी 'तुमचा मुलगा कितीवर आहे' या प्रश्नाचे उत्तर होऊन बसले असतील. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणी माणूस म्हणून पाहिले.

ख्रिस्ती धर्म त्या भूमीला नवीन नाही. अबू धाबीच्या पश्चिमेस सर बनी यास नावाचे बेट आहे. तेथे १९९२ साली एका प्राचीन ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडले. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी तेथे साधू लहान लहान खोल्यांत राहून प्रार्थना करीत होते. आज दुबईचे सेंट मेरी चर्च शेख राशिद यांनी दिलेल्या जागेवर १९६७ पासून उभे आहे. कोंकणी, मल्याळम, तमिळ, तागालोग अशा अनेक भाषांत तेथे उपासना होते. २०२२ पूर्वी त्या देशात रविवार हा कामाचा दिवस असे, म्हणून लोक शुक्रवारी गर्दी करीत. आठवड्याची एकुलती सुट्टी त्यात जाई, आणि त्यासाठी कोणी त्यांना बढती देत नव्हते.

कोणी म्हणेल, हे ख्रिस्ती लोकांचे. आपणांस त्याचे काय? पण आपल्याच बेटाकडे पाहावे. त्याच वर्षी, ९ सप्टेंबर २०१९ रोजी, हेच पोप पोर्ट लुईला आले आणि येथेही ते डोंगरावरील प्रवचनावरच बोलले. देशाची आर्थिक वाढ होऊनही तरुणांनाच सर्वांत अधिक सोसावे लागते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तो दिवस पेर लावाल यांच्या पुण्यतिथीचा होता. लावाल हे फ्रान्समधील डॉक्टर. चांगला चालणारा व्यवसाय सोडून ते धर्मगुरू झाले, १८४१ साली येथे आले आणि नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांची सेवा करीत १८६४ साली येथेच वारले. जगाच्या हिशेबाने हा तोट्याचा व्यवहार झाला. तरीही सेंत-क्रुआच्या त्यांच्या समाधीवर दर सप्टेंबरात ख्रिस्ती जातात, तसे हिंदूही जातात. आपल्यापैकी किती घरांतून तेथे फुले नेली जातात, हे सांगावयास नको.

आणि आपल्या मराठी परंपरेलाही हा विचार परका नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, ही कथा आपण मुलांना सांगत आलो आहोत. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा सांगितली ती मराठीतूनच. येशूने काय किंवा तुकोबांनी काय, श्रमाला वा पैशाला पाप म्हटले नाही. पैशाला मालक करू नये, एवढेच त्यांचे सांगणे.

आमचा एक जुना विद्यार्थी तिकडे हॉटेलात होता. २०२० च्या साथीत त्याची नोकरी गेली. चार महिने त्याने घरी काही कळवले नाही. एका खोलीत सहा जण राहत. त्यातला एक जण सर्वांसाठी भात शिजवी. परत आल्यावर आम्ही त्यास विचारले, "आईला का नाही सांगितलेस?" तो म्हणाला, "गुरुजी, घरी फक्त पगाराचेच विचारत होते. नोकरीच नाही, तर बोलणार काय?" हे ऐकून आम्हांस त्याची नव्हे, आपली लाज वाटली. वर्गात पहिल्या आलेल्यांचीच नावे फळ्यावर लिहिणारे आम्हीच ना!

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. मुलांनी खूप शिकावे, खूप मिळवावे. पण या रविवारी दुबईहून फोन येईल तेव्हा पगाराचा विषय बाजूस ठेवावा. जेवलास का, झोप लागते का, खोलीत कोणी आजारी असल्यास त्याच्याकडे कोण पाहते, हे विचारावे. आणि नोकरी असो वा नसो, घराचे दार उघडे आहे, हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे. तो ते विचारणार नाही. आपणच सांगितले पाहिजे.