माशांची काच घासायचे घरगुती लोहचुंबक



‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा आपण गावोगावच्या भिंतींवर वाचत आलो आहोत. त्यातले चार मासे एखाद्या मुलाने काचेच्या पेटीत आणून ओसरीवर ठेवले, की साऱ्या घराला त्यांचा लळा लागतो. पण पंधरा दिवसांत काचेवर हिरवे शेवाळ धरते, मासे दिसेनासे होतात. मग कुणीतरी बाही वर सारतो आणि हात घालून चिंधीने काच पुसतो.

इथेच घात होतो. आमच्याकडे एकदा तुरीवर फवारणी करून आलेल्या धाकट्या भावाने पेटी घासली. हात धुतले होते हो, साबणाने! तरी सकाळी एकूण एक मासा वर तरंगत होता. दुसरे काही कारण सापडले नाही. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना फार जहाल. नखांच्या कडेला राहिलेला अंशही नको. मुले दोन दिवस धड जेवली नाहीत.

तेव्हापासून आम्ही पाण्यात हातच घालत नाही. लोहचुंबकाची ओढ काचेतून आरपार जाते. एक चुंबक आत, एक बाहेर. बाहेरचे फिरवले की आतले मागोमाग फिरते आणि काच घासते.

रेडिओ-स्पीकर दुरुस्तीवाल्याकडून बिघडलेल्या लहान स्पीकरची दोन काळी, कडीसारखी चुंबके घ्या. त्यांना चिकटलेल्या लोखंडी चकत्या त्यालाच काढायला सांगा, कारण त्या पाण्यात गंजतात. काळे चुंबक गंजत नाही, पण ठिसूळ असते, ठोकू नका. दोन्ही एकमेकांना चिकटवून पाहा आणि चिकटणाऱ्या बाजूंवर खडूने खूण करा. याच बाजू काचेकडे यायला हव्यात. इथे चूक झाली तर चुंबके एकमेकांना ढकलत बसतात!

आतल्या चुंबकाच्या खुणेच्या बाजूला भांडी घासायच्या नव्या हिरव्या घासणीचा पातळ तुकडा लावा. साबण लागलेली घासणी नको, तारेची तर नकोच. चिकटवायला काचेच्या पेट्या जोडायचे साधे सिलिकॉन घ्या, बुरशीनाशक मिसळलेले घेऊ नका. बाहेरच्या चुंबकाला जुन्या फलालीनचा तुकडा लावा. दोन दिवस वाळू द्या, मग आतले रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा. कडीच्या भोकातून नायलॉनची दोरी ओवा. चुंबक सुटून तळाशी पडले तर दोरीने वर येते. चार-पाच मिलिमीटरच्या काचेला एवढी ओढ पुरते. काच जाड असेल तर ओढ झपाट्याने घटते.

वरून खाली, सावकाश घासा. वाळूच्या दोन बोटे वरच थांबा. एक खडा मध्ये अडकला की काचेला कायमचा ओरखडा पडतो. मागच्या काचेवरचे शेवाळ राहू द्या, गप्पी ते टोचून खातात. आणि पेटी उन्हात ठेवून शेवाळाला दोष देऊ नका!

बाजारात चांदीसारखी चमकणारी, बोरापेक्षा लहान पण फार जोरदार चुंबके मिळतात. लहान मुले असलेल्या घरात ती आणूच नका. पोटात दोन गेली तर आतड्याला मध्ये धरून भोक पाडतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब मोठा दवाखाना गाठा.

काम झाले की चुंबक धुऊन खुंटीला टांगा. फवारणीचा पंप असतो ती खुंटी मात्र सोडून.