विश्लेषण : लष्कराचा हिशेब संसदेत, मग देणगीदारांचा मतदानानंतर का?

रिसोड, वाशीम किंवा कारंजातून विधानसभा लढविणाऱ्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. निकालानंतर ३० दिवसांत त्याला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे पै-पैचा हिशेब द्यावा लागतो. त्याच्या पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. मग हा पैसा कोणी दिला, हे मतदाराला कधी कळते?

नियम काय सांगतो?
लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार २० हजारांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्यांची यादी पक्षाने निवडणूक आयोगाला द्यायची असते. पण आर्थिक वर्ष संपल्यावर. २०१८ मध्ये आलेल्या निवडणूक रोख्यांना त्यातूनही सूट होती. १६ हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेल्यानंतर, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली.

लष्कराशी तुलना का?
गुप्ततेचे सर्वांत सबळ कारण लष्कराकडे असते. तरीही २०२५-२६ ची ६.८१ लाख कोटींची संरक्षण तरतूद संसदेपुढे मांडली गेली. या खर्चाची तपासणी 'कॅग' करते. राफेल विमानांच्या किमती फेब्रुवारी २०१९ च्या अहवालात झाकल्या होत्या, पण अहवाल संसदेत आलाच. देणगीदाराचे नाव तर देशाच्या सुरक्षेचा विषयही नाही. उलट, संरक्षण असो वा रस्ते, सरकारी कंत्राट घेणारी खासगी कंपनी पक्षाला देणगी देऊ शकते. म्हणूनच खर्च आणि देणगी हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवून वाचता आले पाहिजेत.

अडते कुठे?
वेळेत. २० नोव्हेंबर २०२४ ला वाशीम जिल्ह्याने मतदान केले. त्या आर्थिक वर्षातील देणग्यांचा अहवाल देण्याची वेळ येईपर्यंत नवे सरकार कधीच कामाला लागले होते.

आक्षेप आणि उत्तर
नाव उघड झाल्यास विरोधक सूड उगवतील, अशी भीती दाखवली जाते. ती अगदीच खोटी नाही. पण लहान देणगीदाराला २० हजारांची मर्यादा आजही संरक्षण देते. कोट्यवधी देणाऱ्यांसाठी पडदा कशाला?

मोठ्या देणग्या ठरावीक दिवसांत, किमान मतदानापूर्वी जाहीर करण्याचे बंधन कायद्यात हवे. उमेदवाराच्या मंडपाचे आणि चहाचे बिल तपासणाऱ्या व्यवस्थेला हे जड जाऊ नये.