तयार घर की जुना वाडा?

देवगाव रंगारीसारख्या गावात घर घेऊ पाहणाऱ्या व्यापारी कुटुंबापुढे बहुधा दोन वाटा असतात. एक, नव्या वस्तीतील तयार घर. पैसे मोजावेत आणि कलश मांडावा. दुसरी, जुन्या गावठाणातील वाडा. किंमत कमी, जागा मोठी, परंतु डागडुजी बरीच. किमतीतील तफावत पाहून मन वाड्याकडे झुकते. मात्र ती तफावत म्हणजे बचत नव्हे. तिच्यातून पुढील खर्च वजा व्हावयाचा असतो.

मराठवाड्यातील जुन्या घराची परीक्षा माळवदापासून सुरू करावी. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे कोसळून. भिंतीचे आतले व बाहेरचे पदर आरपार दगडांनी सांधलेले नसल्यामुळे ते अलग झाले. पुढे अनेक गावांत माळवदाचा भार उतरवून व भिंती सांधून जुनी घरे जागेवरच बळकट करण्यात आली. म्हणजे वाडा सुधारता येतो. पण रंग, फरशी, नळ यांचा हिशेब गवंडी सांगेल, भिंतीला आलेल्या पोटाचा मात्र स्थापत्य अभियंत्यानेच सांगावा, आणि तोही इसार देण्यापूर्वी.

तुळयांना वाळवी लागली असेल, तर अहिंसा पाळणाऱ्या कुटुंबासाठी तो केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही. विषारी फवारणीचा प्रसंग घर घेतल्यावर येण्यापेक्षा घेण्याआधीच त्याचा विचार झालेला बरा.

कागदही तितकेच तपासावेत. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. वडिलोपार्जित वाड्यात 2005च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, आणि तो कायदा जैनांनाही लागू आहे. लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या नसतील, तर स्वस्त सौदा कोर्टात महाग पडतो.

तयार घर निर्दोषच असते, असेही नाही. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पात ताब्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामाचा दोष बांधकाम व्यावसायिकाला विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. लहान भूखंडावरील सुट्या घरांची अशी नोंदणी बहुधा नसते. ती आहे की नाही, हे आधीच पाहावे.

खरा धोका खतावणीत असतो. खरेदीला बँक कर्ज देते. दुरुस्तीचा पैसा मात्र हळूहळू दुकानाच्या गल्ल्यातून निघतो. काम दिवाळीपर्यंत लांबले, तर ऐन कापूस-मक्याच्या हंगामात भांडवल भिंतीत अडकलेले असते. करातही भेद आहे. जुन्या करपद्धतीत स्वतः राहण्याच्या घराच्या खरेदी-कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला 2 लाख रुपयांपर्यंत मिळते, दुरुस्ती-कर्जावर केवळ 30 हजारांपर्यंत.

म्हणून अभियंत्याच्या अंदाजात चौथा हिस्सा वाढवावा, काम चालू असेपर्यंतचे भाडे मिळवावे आणि ती रक्कम वेगळी ठेवावी. एवढे करूनही वाडा स्वस्त ठरत असेल व दुकानाच्या भांडवलाला हात लागत नसेल, तर तो निःशंक घ्यावा. तसे नसेल, तर तयार घराची जादा किंमत हीच खरी काटकसर होय.