गाळ कुठे टाकला?

पोथीत अक्षर चुकले की जुने लेखनिक त्यावर हरताळ फासत. वाक्प्रचार आपल्या तोंडी अजून आहे, पण हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचे पिवळे खनिज, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. १९९७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील एका तळ्याच्या गाळातून वेगळ्या केलेल्या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले. हा जिवाणू ऑक्सिजनऐवजी आर्सेनेट आणि सल्फेट वापरून श्वसन करतो आणि त्यातून हाच पिवळा पदार्थ तयार होतो. त्याचे नावही हरताळाच्या लॅटिन नावावरूनच ठेवले आहे. आपण ज्याला विष म्हणतो, त्यावर त्याचा श्वास चालतो.

हे सांगण्याचे कारण आपल्या रोजच्या कामात आहे. पाण्याच्या अहवालात आर्सेनिकचा एक आकडा येतो. तो लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आत असला की आपण सही करतो, वर असला की गाळणयंत्र सुचवतो. आर्सेनिक किती आहे ते हा आकडा सांगतो. ते कोणत्या रूपात आहे आणि उद्या ते रूप कोण बदलणार आहे, हे सांगत नाही.

हा धडा बंगालने दिला आणि त्याची किंमत फार मोठी होती. तळ्याच्या पाण्यातून होणारे अतिसार टाळावेत म्हणून तिथे गावोगावी कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. १९८३च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी तळहात-तळपायांवर कठीण गाठी आणि अंगावर डाग असलेले रुग्ण ओळखले आणि दोष पिण्याच्या पाण्याचा असल्याचे पुढे आले. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात आर्सेनिक होतेच, पण कणांवरच्या लोहाच्या गंजासारख्या थराला ते घट्ट चिकटलेले होते. मग ते सुटले कसे? उपशाने पाण्याची पातळी खाली गेली, हवा आत शिरली आणि लोह-गंधकाची खनिजे फुटली, असे पुष्कळांना वाटत होते. हवा शिरल्यामुळे नव्हे, तर हवा संपल्यामुळे आर्सेनिक सुटते, हे पटायला वेळ लागला. २००४ साली मँचेस्टरच्या गटाने नदिया जिल्ह्यातला गाळ घेऊन, हवा बंद करून, जिवाणूंना खाद्य म्हणून अ‍ॅसिटेट दिले. जिवाणूंनी आधी लोह क्षपित केले आणि त्यानंतरच आर्सेनिक पाण्यात आले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. सेंद्रिय द्रव्य भरपूर आणि ऑक्सिजन नाही, अशा जागी लोहावर जगणारे जिवाणू कामाला लागतात. आर्सेनिक त्यांच्या मागोमाग बाहेर पडते.

त्यातही सुटणारे रूप बहुधा आर्सेनाइट असते. नेहमीच्या भूजलात त्यावर विद्युतभार नसतो, म्हणून लोहाच्या किंवा अ‍ॅल्युमिनाच्या गाळणीतून ते सहज निसटते. आर्सेनेट ऋणभारित असल्याने अडकते. म्हणूनच आधी ऑक्सिडीकरण करावे लागते, आणि त्या कामालाही जिवाणूच धावून येतात. अशा जिवाणूची पहिली नोंद १९१८ सालची, दक्षिण आफ्रिकेतली. गोचिडांसाठी जनावरांना ज्या आर्सेनाइटच्या द्रावणात बुडवून काढत, त्यातच तो सापडला. आपल्या पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००२ साली मायक्रोबॅक्टेरियम लॅक्टिकम या जिवाणूकडून आर्सेनाइटचे आर्सेनेट करवून भूजल शुद्ध करण्याची रीत प्रसिद्ध केली. उत्तर २४ परगण्यातल्या काशिमपूरला तर उपसलेल्या पाण्याचा काही भाग हवा खेळवून पुन्हा जमिनीत सोडला जातो, म्हणजे लोह आणि आर्सेनिक तळातच बसते. रसायन नाही आणि वर उचलून टाकायचा गाळही नाही. मला ही वाट सर्वांत शहाणपणाची वाटते.

कारण बाकी सगळीकडे गाळ उरतो. गाळणयंत्राने आर्सेनिक नाहीसे होत नाही, ते लोहाच्या लगद्यावर गोळा होते. तो लगदा शेणाच्या उकिरड्यावर किंवा तळ्याकाठच्या खड्ड्यात गेला, तर आपण नदियाचीच परिस्थिती आपल्या हातांनी उभी करतो: लोह आहे, आर्सेनिक आहे, सेंद्रिय द्रव्य आहे आणि हवा नाही. असा कचरा धोकादायक आहे का, हे ठरवायला जी झिरप-चाचणी सर्रास वापरली जाते, ती अठरा तासांत आटोपते. जिवाणूंना तेवढा वेळ पुरत नाही. कचराभूमीसारख्या परिस्थितीत त्या चाचणीच्या अंदाजापेक्षा जास्त आर्सेनिक सुटते, असे अ‍ॅरिझोनातील अभ्यासकांनी २००४ सालीच दाखवले. तरी त्या चाचणीचा दाखला जोडून लगदा बिनधास्त पुरला जातो, हे मला गंभीर वाटते.

नमुन्याचेही तसेच. पाणी न गाळता, आम्ल न घालता बाटलीत भरले की प्रवासात लोह खाली बसते आणि आर्सेनिकला सोबत नेते. तळाशी तांबूस साका आणि वरचे स्वच्छ पाणी तपासून 'सुरक्षित' असा शेरा दिलेली बाटली मी स्वतः पाहिली आहे. नमुना विहिरीवरच गाळा, आम्ल घाला, थंड आणि अंधारात ठेवा.

विदर्भातल्या सहकाऱ्यांना एक वेगळी विनंती. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या जुन्या राजनांदगाव जिल्ह्यात, कौडीकसा परिसरात, खडकातून आलेले आर्सेनिक १९९९ मध्येच नोंदले गेले आहे. सीमेलगतच्या विंधन विहिरींच्या तपासणीत आर्सेनिक वगळू नका. आकड्याशेजारी लोह, अमोनिया आणि ऑक्सिडीकरण-क्षपण विभवही लिहा, म्हणजे जमिनीखाली काय चालले आहे ते कळेल. आणि ज्यांच्याकडे गाळणयंत्र चालते, त्यांनी गेल्या वर्षभराचा लगदा किती निघाला आणि कुठे टाकला, एवढे दोन रकाने भरून आम्हाला कळवा. आलेली उत्तरे आम्ही याच पानावर छापू.