टाइल नाही, टाइलखालचं काम विका!

भोर-वेल्ह्यात धंदा शोधताय? मग बाथरूमची फरशी बघा. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला, पानशेतकडे होमस्टे आहेत, फार्महाऊस आहेत. वरच्या मजल्यावर बाथरूम असलं की खालच्या छताला ओल दिसते आणि मालक पावसाला दोष देतो. अहो, ओल मे महिन्यातही असेल तर आधी बाथरूम तपासा!

माझं स्पष्ट मत आहे, टाइल पाणी अडवत नाही. सांध्यांतून ते झिरपतंच. म्हणून टाइल लावायला तयार असा वॉटरप्रूफ बेस हेच तुमचं प्रॉडक्ट करा. ढाळ कोब्यातच काढा, नहाणी ट्रॅपकडे, मीटरला एक-दीड सेंटीमीटर. कोपरे गोल करा. कोटिंगचे दोन हात द्या, भिंतीवर फूटभर चढवा. ट्रॅपच्या कडेला जाळी घालाच, दगा तिथेच होतो. मग ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालचं छत मालकालाच दाखवा.

गवंडी म्हणेल, दोन दिवस वाया गेले. कोटेशनमध्ये त्या दिवसांचे पैसे लावा, बिनधास्त. आणि बुकिंग मार्च-एप्रिलमध्येच घ्या. आपल्याकडच्या भर पावसात कोबा काय, कोटिंग काय, लवकर सुकत नाही.