आधी घर मोजून घ्या

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर हिवाळ्यात एक प्रश्न येतोच : फर्नेस बदलायची आहे, कुणी चांगला काँट्रॅक्टर सुचवेल का? अर्ध्या तासात पाच-सहा नंबर येतात आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न, ‘किती घेतले?’ त्याने घर मोजलं होतं का, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

मिसिसागातलं आमचं घर 1978 सालचं. आधीच्या मालकांनी बसवलेली फर्नेस ताशी 1,00,000 बीटीयूची. सुरू झाली की भसाभसा गरम हवा सोडायची, सहा-सात मिनिटांत हॉलमधल्या थर्मोस्टॅटचा आकडा गाठायची आणि बंद व्हायची. मागच्या खोलीत ऊब पोचायच्या आतच. सांगलीहून आलेल्या सासूबाई तिथे स्वेटरवर शाल घेऊन झोपायच्या. मला वाटायचं, फर्नेस कमी पडतेय. खरं तर ती घराच्या मानाने फार मोठी होती. अशी सारखी चालू-बंद होणारी फर्नेस लवकर झिजते. हीट एक्स्चेंजरचा पत्रा तापून-निवून त्याला चीर पडली, तर घरात कार्बन मोनॉक्साइड येण्याचा धोका असतो.

बदलायचं ठरल्यावर पहिला काँट्रॅक्टर आला, तो थेट बेसमेंटमध्ये उतरला. जुन्या फर्नेसचं झाकण काढून आतलं लेबल वाचलं, कार्डाच्या पाठीवर तोच आकडा लिहिला आणि किंमत सांगितली. वरची एक खिडकीही पाहिली नाही. दुसऱ्यानेही तेच केलं, फक्त चारशे डॉलर कमी सांगितले. तिसरी एक बाई होती. तिने टेप लावून प्रत्येक खोलीच्या बाहेरच्या भिंती आणि खिडक्या मोजल्या, शिडी मागून घेतली आणि ॲटिकमधल्या इन्सुलेशनमध्ये पट्टी खुपसून थराची जाडी पाहिली, डक्टला बारीक भोक पाडून हवेचा दाब मोजला. मागच्या खोलीचा डक्ट एका सांध्याशी निसटला होता, तेही तिलाच दिसलं. दीड तास लागला. दोन दिवसांनी हिशेब आला : बाहेर उणे 18 अंश असताना आमच्या घराला ताशी 42,000 बीटीयू पुरतात. मधल्या काळात आम्ही खिडक्या बदलल्या होत्या, ॲटिकमध्ये इन्सुलेशन वाढवलं होतं. जुन्या लेबलाला ते कुठून कळणार? आम्ही 60,000 ची घेतली.

‘असू दे जास्तीची, लागलीच तर उपयोगी पडेल,’ हे आपल्याला पटकन पटतं. पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत. घर काही वाढत नाही.

स्वस्त कोटेशनमध्ये काय नव्हतं, तेही सांगते. जुनी फर्नेस आणि वॉटर हीटर एकाच चिमणीत धूर सोडत होते. नव्या फर्नेसचा धूर प्लास्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर जातो, म्हणजे त्या रुंद चिमणीत वॉटर हीटर एकटाच उरतो. त्याचा थोडासा धूर तिथे थंड पडतो, नीट वर चढत नाही आणि उलट घरात येऊ शकतो. म्हणून चिमणीत बारीक लायनर घालावा लागतो. तिसऱ्या कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ होती. पहिल्या दोघांनी चिमणीकडे पाहिलंच नव्हतं.

मोजणीचे वेगळे पैसे मागितले तर द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅनडात तिचं मानक ठरलेलं आहे, सीएसए एफ280. नाव घेऊन मागा. मोजणी नसेल, तर तीन कोटेशनं म्हणजे तीन अंदाज. काँट्रॅक्टरची टीएसएसएकडे, म्हणजे ओंटारियोच्या तांत्रिक सुरक्षा प्राधिकरणाकडे, नोंदणी आहे ना, तेही पाहा. आणि दारावर येऊन फर्नेस विकायला ओंटारियोत 1 मार्च 2018 पासून बंदी आहे, हे घरी एकट्या असणाऱ्या आई-वडिलांना आवर्जून सांगा.

हे सगळं सप्टेंबरात जमतं. जानेवारीत फर्नेस बंद पडली, घरात तान्हं मूल असलं, की दीड तास मोजत बसायला कुणाला धीर असतो? अडल्या वेळी माणूस मिळेल त्याचे पाय धरतो. तुमची फर्नेस वीस वर्षांची झाली असेल, तर ती चालू आहे तोवरच माणसं बोलवा.

आमच्या हिशेबाची दोन पानं मी जपून ठेवली आहेत, खोलीवार आकड्यांसकट. गणपतीच्या आरतीला येताना प्रती काढून आणते. ज्यांना हव्या असतील त्यांनी प्रसादाच्या टेबलाशी माझ्याकडून घ्याव्यात.